राजाच्या ताटातलं

आलेला प्रश्न थोडक्यात असा: "पाळकसाहेब, सलाम. मी 26 वर्षांची, मूळ श्रीरामपूरकडची. हिंजवडीत एका कंपनीत टेस्टिंगला आहे, वाकडला तिघी मिळून फ्लॅट घेतलाय. गावी होते तोवर एक रविवार चुकवला नाही. इथं आल्यापासून चार वर्षांत मी हळूहळू कुणी वेगळीच होत चाललेय. मॅनेजर टाइमशीटमध्ये न केलेले तास भरायला सांगतो आणि मी भरते. शुक्रवारची पार्टी टाळली की सोमवारी टोमणे. ऑफिसातल्या गणपतीचा प्रसाद नको म्हटला तर त्यांना वाईट वाटतं, घेतला तर मला. घरचे म्हणतात, अधर्मी लोकांत राहतेस, सांभाळून राहा. पण कसं सांभाळायचं ते कुणी सांगत नाही."

सलाम, बाळ.

तुझं शेवटचं वाक्य मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं. मी 31 वर्षं चर्चमध्ये पाळकपणा करतो आहे, त्यातली 22 पुण्यात. जगात राहा पण जगाचे होऊ नका, हे व्यासपीठावरून मी शेकडो वेळा सांगितलं असेल. पण सोमवारी सकाळी वाकडच्या पुलाखाली बसची वाट बघणाऱ्या मुलीनं त्याचं नेमकं काय करायचं, हे आम्ही पाळक फारसं सांगत नाही. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

आधी घरच्यांच्या त्या शब्दाबद्दल बोलू. अधर्मी कोण? तुझ्या फ्लॅटमधली एखादी मुलगी संकष्टी धरते, चंद्र दिसेपर्यंत पोटात काही घालत नाही, ती? आषाढीच्या वाटेवर पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात, तेव्हा आमच्या चर्चच्या मंडळीतली पोरं पाणी आणि केळी वाटायला रस्त्यावर उभी असतात. दोन वर्षांपूर्वी तिथं मी एका आजीच्या पायाला पट्टी बांधली. टाचेचा फोड फुटून चप्पल रक्तानं चिकटली होती. म्हटलं, आजी, आता पुढं गाडीनं जा. ती म्हणाली, "पायी येते असं सांगून निघालेय रे बाबा." तिला अधर्मी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. येशू ख्रिस्त हाच प्रभू आहे असं मी मानतो आणि उघड सांगतो. तिच्या आणि माझ्या विश्वासातलं अंतर खरं आहे, ते मी पुसत नाही. पण दिलेला शब्द कसा पाळावा हे त्या दिवशी मी तिच्या पायाशी बसून शिकलो. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक तर म्हणत की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या चरणांशी आलो.

तुझ्या रूममेटनं तुला खोटं लिही म्हणून सांगितलेलं नाही. ते सांगितलं तुझ्या मॅनेजरनं, आणि त्याच्या घरी कुठला देव आहे याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. तो आपल्याच मंडळीतला असता तरी हेच म्हणाला असता. असे दोघे माझ्या पाहण्यात आहेत. पवित्र शास्त्रातलं बाबेल, म्हणजे बॅबिलोन, हे केवळ परक्या देवांचं गाव असं समजू नकोस. तिथला राजा आधी अन्न देतो, शिक्षण देतो, हुद्दा देतो, नवं नाव देतो. मग एक दिवस सोन्याचा पुतळा उभा करतो आणि म्हणतो, वाजंत्री वाजली की पाया पडा. सुरुवात ताटापासून होते. म्हणून तरुणांना मी पवित्र शास्त्रातल्या दानीएलाच्या पुस्तकाचा सिंहांचा अध्याय नंतर शिकवतो, ताटाचा आधी.

तो पहिला अध्याय सावकाश वाच. दानीएल आणि त्याचे तीन मित्र ही यरुशलेमेतून बाबेलला धरून नेलेली पोरं. राजवाड्यात त्यांची नावं बदलली. दानीएलाचा बेल्टशस्सर झाला. त्यांनी ते चालवून घेतलं. खास्द्यांची, म्हणजे बाबेलच्या लोकांची, भाषा आणि विद्या 3 वर्षं शिकायची होती. ती ते इतकं मन लावून शिकले की राजानं पारखून बघितलं तेव्हा इतरांपेक्षा दसपट सरस निघाले. राजाची चाकरीही पत्करली. एवढ्या गोष्टींना 'हो' म्हणून झाल्यावर दानीएल एका जागी थांबला: राजाच्या ताटातलं अन्न आणि त्याचा द्राक्षारस घ्यायचा नाही. नेमकं तिथंच का, यावर शास्त्रपंडितांत मतभेद आहेत. कुणी म्हणतं, नियमशास्त्रात वर्ज्य असलेलं मांस असेल. कुणी म्हणतं, मूर्तीला वाहिलेलं असेल. मला मात्र वेगळीच गोष्ट मोलाची वाटते: त्यानं ते आधी, मनात, ठरवलं होतं. ताट समोर आलं की भूक लागलेली असते. त्या वेळी माणूस ठरवत नाही, स्वतःला पटवतो.

पुढं तो काय करतो तेही बघ. ताट भिरकावत नाही, कुणाला उपदेश करत नाही. खोजांच्या सरदाराकडे जाऊन विनंती करतो. सरदाराला त्याची माया आहे, पण तो भितो: तुम्ही रोडावलेले दिसलात तर राजा माझं डोकं उडवील. दानीएल त्या भीतीची थट्टा करत नाही. तो हाताखालच्या कारभाऱ्याकडे जातो आणि त्याच्यापुढं एक सोय ठेवतो: 10 दिवस आम्हाला शाकभाजी आणि पाणी दे, मग आमची तोंडं बघ, आणि तुला दिसेल तसं कर.

आता तुझं टाइमशीट. तुझा मॅनेजरही त्या सरदारासारखाच भ्यालेला आहे हे धरून चाल. त्याच्या डोक्यावर बिलिंगचा आकडा आहे, त्याच्या वरच्याच्या डोक्यावर त्याहून मोठा. पण म्हणून त्याची मागणी बरोबर ठरत नाही. ते न केलेले तास कुणाला तरी विकले जातात, कुणीतरी त्याचे पैसे मोजतो. याला आपल्या शास्त्रात चोरी हाच शब्द आहे. पण शुक्रवारी संध्याकाळी, सगळ्यांची शीट भरायची घाई चालू असताना, 'मी खोटं लिहिणार नाही' असं जाहीर करू नकोस. मंगळवारी किंवा बुधवारी त्याच्याकडे पाच मिनिटं माग, एकट्याकडे. सांग, "सर, मी जेवढे तास काम करते तेवढेच यापुढं भरणार आहे. उरलेले ट्रेनिंगमध्ये दाखवा, किंवा मला खरंच तेवढं काम द्या. रिग्रेशनचं राहिलेलं आहे, ते मी उचलते." पहिल्याच दमात ईमेल पाठवू नकोस, माणूस कागदावर अडकला की त्याला मागं येता येत नाही. तो नाहीच म्हणाला, तर मग मात्र दोन ओळी लिहून दे, कुणावर आरोप न करता, मी काय भरणार आहे एवढंच. आणि तुझं काम चोख ठेव. दानीएलाच्या वैऱ्यांनी त्याच्या कारभारात खोट शोधून बघितली आणि त्यांना ती सापडली नाही. कामचुकार माणसाच्या नकाराला कुणी विश्वास म्हणत नाही.

यातून चांगलंच होईल असं वचन मी तुला देणार नाही. आमच्या मंडळीतला एक भाऊ वाघोलीकडे एका बांधकामाच्या साइटवर स्टोअर सांभाळायचा. एकदा सिमेंटचा ट्रक आला. चलनावर 400 गोण्या, त्यानं उतरवताना मोजल्या तर 380. साइटवरचे साहेब म्हणाले, सही कर, नेहमीचंच आहे. तो म्हणाला, "साहेब, मी मोजल्या तेवढ्यांची सही करतो. वरच्या वीस तुमच्या सहीनं घ्या." चलनावर त्यानं 'प्रत्यक्ष 380' असं लिहिलं, तारीख घातली, खाली सही केली. महिनाअखेरीस त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. सात महिने तो घरी बसून होता. बायकोनं डबे करायला घेतले, पहाटे चारला उठून पोळ्या लाटायची. मंडळीनं रेशन भरलं, मुलाच्या शाळेची फी भरली. पण मंडळीतलेच काही जण त्याला तोंडावर म्हणाले, वीस गोण्यांसाठी एवढं ताणायची काय गरज होती? आज तो टेम्पो चालवतो. कमाई तेव्हापेक्षा कमीच आहे. देवानं त्याला दुप्पट दिलं असं सांगायला मला फार आवडलं असतं, पण तसं झालेलं नाही. एकदा मी विचारलं, पस्तावा होतो का रे? तो टेम्पोचं फाळकं लावत होता. म्हणाला, "पस्तावा नाही. बायकोच्या हातांकडे बघून राग येतो कधीकधी." तो राग घेऊनच तो रविवारी येतो आणि दुसऱ्या रांगेत बसतो. दानीएलाचे ते तीन मित्र, शद्रख, मेशख आणि अबेद्नगो, भट्टीच्या तोंडाशी उभं राहून राजाला म्हणाले होते की आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि त्यानं नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या पुतळ्याच्या पाया पडणार नाही. त्या 'नाही सोडवलं तरी'वर प्रवचन करताना माझी नजर दुसऱ्या रांगेकडे जात नाही, मला धीर होत नाही.

आणि हे सांगणारा मी धुतल्या तांदळासारखा नाही. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. जून महिना, कॉलेजच्या प्रवेशांचे दिवस. ख्रिस्ती अल्पसंख्याक कोट्यातून जागा मिळवायची तर पाळकाचं पत्र लागायचं. आमच्या कमिटीतल्या एका वजनदार गृहस्थांना मुलासाठी ते हवं होतं. मुलगा दोन वर्षांत आमच्या ख्रिस्ती देवळाची पायरी चढला नव्हता. त्याच सुमारास देवळाच्या छपराचं काम अर्ध्यावर थांबलेलं, आणि पैशांची जमवाजमव त्यांच्याच हातात. मी लेटरहेड घेतलं, 'नियमित सभासद' असं लिहिलं, शिक्का मारला. दोन मिनिटांचं काम. त्या वर्षी आमच्या संडे स्कूलमध्ये शिकवणारी एक मुलगी, वडील सोसायटीत वॉचमन, त्याच कोट्याच्या यादीत खाली राहिली. माझ्या एका शब्दामुळेच ती राहिली असं मी म्हणू शकत नाही. पण एक जागा माझ्या खोट्या शब्दानं भरली होती हे खरं. तिची आई मला भेटायला आली ती पेढे घेऊन येईल असं मला वाटलं होतं. ती रिकाम्या हातानं आली आणि म्हणाली, "पाळकसाहेब, प्रभूची इच्छा." मी मान हलवली. प्रभूवर ढकललेलं माझं पाप मी ऐकून घेतलं.

ते कमिटीपुढं कबूल करायला मला वर्ष लागलं. त्या घरी जाऊन माफी मागायला आणखी काही महिने. आता मी रजिस्टरमध्ये जेवढं आहे तेवढंच लिहून देतो, आणि त्यापायी दोन-तीन कुटुंबं मंडळी सोडून गेली. सांगायचं एवढंच, की बाबेल माझ्याकडे कुठल्या देवाचं नाव घेऊन आलं नव्हतं. ते छपराच्या पत्र्यांचं कोटेशन घेऊन आलं होतं.

आता गणपतीचा प्रसाद. या बाबतीत माझं मत सगळ्या पाळकांना मान्य होणार नाही, पण तू विचारलंस म्हणून सांगतो. शास्त्रात या प्रश्नाच्या दोन जागा मला जवळच्या वाटतात. एक नामान, अरामाचा सेनापती. कोड बरं झाल्यावर तो म्हणतो की यापुढं मी परमेश्वराखेरीज कुणाला यज्ञ करणार नाही. पण माझा धनी माझ्या हाताचा आधार घेऊन रिम्मोन या त्यांच्या देवाच्या देवळात जातो, तेव्हा मलाही वाकावं लागतं, तेवढ्याची मला क्षमा व्हावी. संदेष्टा अलीशा त्याला झापत नाही, यादी देत नाही; शांतीनं जा, एवढंच म्हणतो. दुसरी जागा प्रेषित पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातली, आठवा आणि दहावा अध्याय. तो म्हणतो, बाजारात विकतात ते खा, खोदून विचारत बसू नका. पण कुणी मुद्दाम सांगितलं की हे वाहिलेलं आहे, तर त्या सांगणाऱ्यासाठी आणि विवेकभावासाठी खाऊ नका.

मी आमच्या मुलांना सांगतो ते असं. आरतीच्या वेळी पळून जाऊ नकोस, मागं शांतपणे उभी राहा. ताट हातात घेणं, ओवाळणं मात्र करू नकोस. मनात भक्ती नसताना भक्तीचं सोंग आणलंस तर तो तुझ्या प्रभूचा अवमान आहेच, त्यांच्या श्रद्धेचाही आहे. कुणी टेबलावर पेढा ठेवून 'घे गं, गोड खा' म्हणालं तर खा. कुणी मनापासून, प्रसाद म्हणून हातावर ठेवत असेल तर दोन्ही हात जोडून सांग: "मी येशूची उपासना करते, म्हणून प्रसाद घेत नाही. पण माझी आठवण ठेवलीत, फार बरं वाटलं." बहुतेक वेळा एवढं पुरतं. लोकांना तुझ्या नकारापेक्षा तुझा चोरटेपणा खुपतो. हातात घेऊन हळूच डस्टबिनमध्ये टाकलेला प्रसाद कुणाच्या नजरेला पडला, तर त्या जखमेवर औषध नाही. आणि विसर्जन झाल्यावर हॉल आवरायला सगळ्यात शेवटपर्यंत थांब. नाताळात करंज्या-शंकरपाळ्यांचा डबा घेऊन जा, सगळ्यांपुढं धर. कुणी नाही घेतलं तर मनाला लावून घेऊ नकोस.

कुणाच्या हातचं काय चालतं, यावरून पुण्यात पूर्वी केवढं रामायण झालंय! 1890 मध्ये गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासारखी मंडळी गेली होती. तिथं चहा-बिस्किटं पुढं आली. नंतर नावं छापून आली आणि गावात वादळ उठलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं घ्यावी लागली. मिशनच्या एका कप चहानं त्यांचा धर्म बाटला असं त्या वेळी खूप लोकांना मनापासून वाटत होतं. एका पेढ्यानं तुझा विश्वास बाटेल अशी भीती मी तुला घालणार नाही. येशू म्हणाला आहे, माणसाच्या तोंडात जातं ते त्याला विटाळत नाही, तोंडातून निघतं ते विटाळतं. टाइमशीट भरताना हे वचन आठव.

याच गावातली दुसरी गोष्ट मला जास्त शिकवते. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईला शारदा सदन सुरू केलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. विधवा मुलींसाठी शाळा. तिथं धर्म शिकवायचा नाही असं ठरलेलं होतं. बाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या. त्या आपल्या खोलीत मुलगी मनोरमेला घेऊन प्रार्थना करत, आणि दार उघडं ठेवत. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. 1893 मध्ये गदारोळ झाला. रानडे, भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागारपद सोडलं, पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. मी पूर्वी ही गोष्ट सांगताना पुणेकरांना सरळ खलनायक करत असे. आता करत नाही. शब्द दिला गेला होता, आणि आपली मुलगी हातची जाईल ही आईबापांची भीती खोटी नव्हती. पण बाईंच्या जागी उभं राहून बघितलं की दिसतं: दार लावून घेतलं असतं तर कुणी काही म्हटलं नसतं. त्यांनी कुणाला हात धरून आत ओढलं नाही, आणि स्वतःची प्रार्थना लपवलीही नाही. पुढं दौंडच्या वाटेवर केडगावला त्यांनी मुक्ती सदन उभं केलं, दुष्काळातल्या शेकडो मुलींना आसरा दिला, आणि हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणलं. केडगावच्या छापखान्यात मुलींनीच त्याचे खिळे जुळवले. 1922 मध्ये बाई गेल्या. त्यांचं संपूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर आलं.

दानीएलाची खिडकी अशीच आहे. 30 दिवस राजाखेरीज कुणाकडे काही मागायचं नाही, मागेल त्याला सिंहांच्या गुहेत टाकायचं, असा हुकूम निघाला, तेव्हा तो ऐंशीच्या पुढचा म्हातारा होता. धरून आणल्याला पासष्टहून जास्त वर्षं झाली होती. महिनाभर खिडकी लावून घेतली असती तर? शास्त्र म्हणतं, तो घरी गेला, यरुशलेमेकडच्या खिडक्या उघड्याच होत्या, आणि नेहमी करायचा तशी दिवसातून 3 वेळा गुडघे टेकून प्रार्थना केली. मी 'नेहमी करायचा तशी' यावर अडून राहतो. सिंहांच्या गुहेची तयारी त्यानं गुहेच्या दारात केली नव्हती.

तुझं 'नेहमी' मोडलेलं आहे, बाळ, आणि माझ्या मते तुझ्या पत्रातलं खरं दुखणं ते आहे. पार्टी आणि प्रसाद नंतरचे. तीन वेळा ठरव. सकाळी बसमध्ये चढण्याआधी एक स्तोत्र, दुपारी जेवणाच्या डब्यावर दोन वाक्यं, रात्री झोपताना दिवसाचा हिशेब. छापील पवित्र शास्त्र घे, फोनमधलं नको. फोन उघडला की देवाच्या आधी मॅनेजर दिसतो. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. राहुरीकडे दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जायची. तिला एकशेएकविसावं स्तोत्र तोंडपाठ होतं, रविवारी ऐकून ऐकून झालेलं. 'मी आपली दृष्टी पर्वतांकडे लावतो. मला साहाय्य कोठून येईल?' ती ते खुरप्याच्या तालावर म्हणायची, दर ओळीला एक उपट. तुला हिंजवडीच्या सिग्नलला जेवढा वेळ लाल दिव्यावर थांबावं लागतं तेवढ्यात ते स्तोत्र दोनदा म्हणून होतं. पाठ कर.

पैशांबद्दल तू काही लिहिलं नाहीस, पण मी लिहितो, कारण इथं खूप जण अडकतात. नाही म्हणायलाही गाठीला काही लागतं. रावेत, पुनावळ्याला फ्लॅट बुक करून पगाराच्या निम्म्याहून जास्त हप्ता गळ्यात घेतलेली मुलं माझ्याकडे येतात. त्यांना चूक काय ते माझ्याइतकंच कळतं, पण नोकरी गेली तर पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला काय, या प्रश्नापुढं त्यांचा विश्वास गप्प होतो. ऋणको धनकोचा दास होतो असं नीतिसूत्रांत म्हटलंय ते उगाच नाही. तू अजून मोकळी आहेस. सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत घर, गाडी, कुठलाही मोठा हप्ता घेऊ नकोस. ते पैसे बँकेत असले की मॅनेजरपुढं तुझा आवाज कापणार नाही. देवासाठी द्यायचा दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, मात्र त्या साठवणीसाठी थांबवू नकोस.

पार्टीबद्दल फार लिहीत नाही. आपल्या मराठी मंडळ्यांत दारूला पहिल्यापासून नकार आहे आणि मला तो योग्य वाटतो. जेवायला जा, पहिल्या पाच मिनिटांत लिंबू सरबत माग, साडेनऊला उठ. कारण सांगत बसू नकोस. टोमणे दोन-तीन महिने चालतात, मग लोकांना कंटाळा येतो. ज्या दिवशी त्यांच्यातल्या कुणाला दारू चढून घरी सोडायची वेळ येईल, त्या दिवशी ते तुलाच हाक मारतील. तेव्हा जा.

घरचे म्हणत असतील की परत ये, तर त्यांना यिर्मयाचा एकोणतिसावा अध्याय वाचून दाखव. सगळ्यांना त्यातलं अकरावं वचन भिंतीवर लावायला आवडतं. त्याच्या आधी बाबेलला धरून नेलेल्या लोकांना देव काय सांगतो? घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, आणि ज्या नगरात मी तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी झटा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. बाबेलसाठी! आणि 70 वर्षं थांबा असंही सांगतो. पुण्यासाठी प्रार्थना कर. तुझ्या मॅनेजरचं नाव घेऊन कर. ज्याच्यासाठी रोज प्रार्थना केली त्याच्याशी बुधवारी बोलताना तुझा सूर वेगळा लागेल.

शेवटचं, आणि हे टाळू नकोस. दानीएल एकटा नव्हता. राजाचं स्वप्न सांगायचं संकट आलं तेव्हा तो आधी घरी गेला आणि तिघा मित्रांना सांगितलं की प्रार्थना करा. चार वर्षांत तू वाकडमध्ये एकही असं माणूस जोडलेलं नाहीस, हे पत्रातल्या न लिहिलेल्या जागांवरून मला दिसतं. रविवारी कुठल्या तरी मोठ्या सभेत मागं बसून निघून येणं पुरत नाही. आमच्या मंडळीतली सात-आठ मुलं-मुली दर गुरुवारी रात्री साडेआठला तुझ्या भागातच एका फ्लॅटवर जमतात. कुणीतरी पोहे करतं, एक अध्याय वाचतात, आणि मग प्रत्येक जण त्या आठवड्यात कुठं घसरला ते सांगतो. तो टेम्पोवाला भाऊही कधीकधी असतो, डिलिव्हरी त्या बाजूला असली तर.

बुधवारी मॅनेजरशी बोलणार असशील तर मंगळवारी रात्री मला फोन कर. काय बोलायचं ते आपण एकदा म्हणून बघू, आधी मराठीत, मग तो ज्या भाषेत बोलतो त्या भाषेत. त्या वेळात माझी बायको आत प्रार्थनेला बसेल. आणि तो काय म्हणाला ते, बरं असो वाईट असो, गुरुवारी गटात येऊन सांग.